पाचवी अट

यंदा दसऱ्यापूर्वी घराला रंग काढायचा, असे आमच्याकडे एकमताने ठरले; म्हणजे सौ.ने ठरवले आणि मी मत दिले. रंगाऱ्यांशी बोलून भाव ठरवण्याचे काम मात्र माझ्याकडे आले. महाविद्यालयाच्या खरेदी समितीवर इतकी वर्षे काढलेला मी; कामाची रीत मला नवी नव्हती. एका रविवारी तीन रंगाऱ्यांना घर दाखवले, तिघांकडून आकडे लिहून घेतले, त्यांचा तुलनात्मक तक्ता मांडला आणि सर्वांत कमी आकड्याखाली लाल रेघ ओढून तो कागद मोठ्या ऐटीत सौ.पुढे ठेवला.

तिने आकडे पाहिलेच नाहीत. डाळ निवडता निवडता तिने विचारले, "या तिघांना पाठवलं कोणी?"

"नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्यानं. भला माणूस आहे. मी एकाचं नाव विचारलं, त्यानं तिघांना पाठवलं."

"मग हा एकच भाव झाला," ती म्हणाली, "तीन तोंडांनी सांगितलेला."

मी तक्त्याची घडी करून खिशात घातली. सौ.ला जे डाळीतल्या खड्यासारखे चटकन दिसले, ते दिसायला मला खरेदी समितीवर चार वर्षे लागली होती. आणि दिसले तेव्हाही ते माझ्या हुशारीने नव्हे, तर शुद्धलेखनाच्या खोडीने. या सदरातून एरवी मी एखाद्या शब्दाविषयी लिहितो. दिवाळीनिमित्त संपादकांनी पाने वाढवून दिली आहेत, तेव्हा या वेळी शब्दाची नव्हे, तर न लिहिलेल्या एका वाक्याची गोष्ट सांगतो.

मी भिवंडीत मराठी शिकवतो. वर्गाच्या खिडक्या उघडल्या तर यंत्रमागांची खटखट आत येते, मिटल्या तर जीव उकडतो. म्हणून आम्ही खटखट पत्करली आहे. वर्गात मी 'भाव' शिकवतो तो रसशास्त्रातला, स्थायी आणि संचारी. फाटकाबाहेर पाऊल टाकले की भाव म्हणजे सुताचा, नाहीतर ग्रे कापडाचा, आणि तो स्थायी कधीच नसतो. पैशा-दोन पैशांच्या फरकावर माग चालवायचा की थांबवायचा, हे इथले लोक ठरवतात. अशा गावात राहून मला बाजारातले काही कळू नये, याचे माझ्या विद्यार्थ्यांना फार नवल वाटे. तरीही मी खरेदी समितीवर होतो. कारण इतकेच की माझे अक्षर बरे आहे आणि बैठकीचे इतिवृत्त कोणीतरी लिहावे लागते.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली बैठक मला अजून जशीच्या तशी आठवते. वर्गांसाठी चाळीस बाक घ्यायचे होते. पैसा सरकारी अनुदानाचा, म्हणजे तुमच्या-आमच्या कराचा. 31 मार्चच्या आत खर्च झाला नाही तर परत जाणारा. तीन लाखांच्या आतली खरेदी दरपत्रके मागवून करता येई. त्यापुढे गेले की ई-निविदा, जाहिरात आणि मुदती यांचा सगळा संसार मांडावा लागे. टेबलावर लाखेने मोहोरबंद केलेले तीन लखोटे होते. अधीक्षकांनी ते सर्वांसमक्ष फोडले. एका बाकाचे दर 7,400, 7,950 आणि 8,200 रुपये. चाळीस बाकांचे सर्वांत कमी दराने 2,96,000 रुपये होत होते. चहा आला. तक्ता तयार होताच. फक्त सह्या राहिल्या होत्या.

मला छापील किंवा टंकलिखित कागद हातात आला की तो वाचताना शिसपेन्सिल शोधायची सवय आहे. पहिल्या दरपत्रकात 'विद्यार्थांसाठी बाक' असे लिहिले होते. मी मनातल्या मनात त्यातला 'थ्या' दुरुस्त केला. दुसऱ्या कागदातही 'विद्यार्थांसाठी'. तिसऱ्यातही तेच! मी ते हळूच शेजारी बसलेल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकमित्रांना दाखवले.

"अहो सर," ते हसून म्हणाले, "निम्मा महाराष्ट्र असंच लिहितो. तुमच्या परीक्षेला बसलेत का ते?"

त्यांचे म्हणणे खरे होते. पाठचिकित्सेचा हा पहिला धडाच आहे. जुन्या ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर असल्या, तर दोघींत एकच बरोबर पाठ सापडला म्हणून त्यांचे नाते सिद्ध होत नाही. बरोबर लिहिण्याचा अधिकार सर्वांना आहे. सर्रास होणारी चूक दोघींत सापडली तरीही काही सिद्ध होत नाही. पण सहजी न होणारी एकच चूक दोघींत एकाच जागी सापडली, तर एक पोथी दुसरीवरून उतरली आहे किंवा दोन्ही एखाद्या तिसरीवरून उतरल्या आहेत, असे मानावे लागते. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती लेखनिकांनी केलेली अशी भेसळ पाहूनच. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये सुरू झाले आणि 1966 मध्ये पुरे झाले, तिथे डॉ. सुखठणकरांसारख्या पंडितांनी हयात घालवली ती पोथ्यांची अशी वंशावळ लावण्यात. वर्षानुवर्षे हे मी एम.ए.च्या वर्गाला शिकवत आलो. ते बाकांच्या दरपत्रकाला लावायची वेळ येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

म्हणून मी कागद पुन्हा वाचले. दराखाली अटी होत्या: माल पोचवण्याची मुदत, वाहतूक, कर, हमी. पहिल्या कागदात अट क्रमांक चारनंतर एकदम अट क्रमांक सहा होती. पाचवी अट नव्हतीच. दुसऱ्या कागदात चारनंतर सहा. तिसऱ्यातही चारनंतर सहा.

तीन दुकाने, तीन लेटरहेड, तीन शिक्के आणि तीन निरनिराळ्या सह्या. पण तिघांचीही पाचवी अट एकाच खड्ड्यात पडली होती!

मी अधीक्षकांना मागच्या दोन वर्षांच्या फाइली मागितल्या. त्यांनी जरा नाखुशीनेच दिल्या. मागच्या वर्षी लोखंडी कपाटे घेतली होती, त्याआधी ग्रंथालयाची मांडणी. दुकानांची नावे बहुतेक तीच, पहिला येणारा तेवढा दर वर्षी नवा. आणि अटी? चारनंतर सहा. त्या तक्त्यांखाली 'तपासले, दर योग्य वाटतात' असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते, आणि त्याखाली माझी सही होती.

दुसऱ्याची चूक सापडली की माणसाला जो आनंद होतो, तो माझा तिथेच संपला.

"थोडा विचार करून सही करतो," असे म्हणून मी घरी आलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन दरपत्रकांतले एक लेटरहेड माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे होते. गावाबाहेर त्याचा वेल्डिंगचा छोटा कारखाना आहे. कॉलेजात असताना तो भित्तिपत्रकाचा संपादक होता. एकदा त्याने ठळक अक्षरांत 'विद्यार्थांचे पान' असे शीर्षक रंगवले होते आणि मी ते सबंध पान त्याला पुन्हा लिहायला लावले होते. त्यानंतर तो शब्द त्याने कधी चुकवला नाही. म्हणजे कागद त्याचा होता, मजकूर त्याचा नव्हता. मी जे पाहिले ते लिहिले, तर पहिला काळा शिक्का या पोराच्या नावावर बसणार होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात मोडक्या बाकाच्या टोकावर अंग चोरून बसलेल्या एका मुलीने विचारले, "सर, नवे बाक परीक्षेच्या आधी येणार ना?" ती शेवटच्या वर्षाला होती. मी "बघू" म्हणालो. शिक्षकाचे 'बघू' म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना पक्के ठाऊक असते.

दुपारी मी टिपणी लिहिली: तिन्ही दरपत्रके एकाच मसुद्यावरून तयार झालेली दिसतात, ती रद्द करावीत, मागील दोन वर्षांच्या अशाच कागदांवर माझी सही आहे, तीही तपासावी. प्राचार्य सज्जन गृहस्थ. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पण 31 मार्चही खोटा नाही." तरीही त्यांनी टिपणीवर मंजुरी दिली, हा त्यांचा मोठेपणा. बाक आले नाहीत. अनुदान परत गेले. त्या मुलीने आपली परीक्षा ग्रंथालयातून आणलेल्या खुर्चीवर बसून, मांडीवर पाटी घेऊन दिली. शिक्षकांच्या खोलीत मी आलो की बोलणे क्षणभर थांबे. प्रामाणिकपणाचे बिल पुष्कळदा भलत्याच माणसाच्या नावाने फाटते, हे मला त्या वर्षी कळले.

उन्हाळ्याच्या सुटीत मी या विषयाचे वाचन केले. मला वाटत होते, हा आमच्या गावातला चार दुकानदारांचा उद्योग असेल. वाचत गेलो तसे दिसले की या विद्येला मोठी परंपरा आहे, शास्त्र आहे आणि तिच्याविरुद्ध कायदाही आहे.

व्यवहारात तिला 'टेंडर मॅनेज करणे' म्हणतात. तिचे प्रकार मध्यमवर्गीय घरांना समजायला मुळीच कठीण नाहीत. पहिला प्रकार भिशीचा. आपल्या गृहिणी महिन्याला भिशी लावतात. पैसे सगळ्या जणी भरतात आणि दर महिन्याला एकीची पाळी येते. पुरवठादारही तसेच करतात: या वर्षी बाक तुझे, पुढल्या वर्षी कपाटे माझी. फरक इतकाच की आपल्या भिशीत पैसा आपला असतो आणि त्यांच्या भिशीत पैसाही आपलाच असतो. दुसरा प्रकार वरातीचा. नवरा ठरलेला; बाकीचे घोडे केवळ शोभेला. ज्याला काम मिळायचे त्याच्याहून थोडा चढा दर लिहून दोघांनी आपले लेटरहेड द्यायचे, म्हणजे तीन कागदांचा नियम पाळला जातो. तिसरा प्रकार लग्नाच्या जाहिरातीचा. 'वर पाहिजे, उंची पाच फूट साडेसात इंच, अमुक बँकेत अधिकारी, उजव्या गालावर तीळ' अशी जाहिरात वाचली तर आपण काय समजतो? स्थळ आधीच ठरले आहे! निविदेतही मालाचे वर्णन किंवा पुरवठादाराची पात्रता अशी बेतता येते की सबंध जिल्ह्यात तीळ एकाच्याच गालावर निघावा. आणि चौथा प्रकार शिवणकामाचा: मोठ्या खरेदीचे तुकडे पाडायचे, म्हणजे प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत राहतो. आमचे बाक चाळीसच का होते, पंचेचाळीस का नव्हते, याचा उलगडा मला इथे झाला. पंचेचाळीस बाकांनी तीन लाखांची वेस ओलांडली असती.

आपल्याकडे 2002 चा स्पर्धा कायदा आहे. संगनमताने बोली लावणे त्याने निषिद्ध ठरवले आणि मे 2009 पासून ती कलमे अमलात आली. भारतीय अन्न महामंडळ धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या गोळ्या विकत घेते, त्यांच्या 2009 च्या निविदेत तीन कंपन्यांनी अगदी एकच दर भरला होता: किलोला 388 रुपये. ना एक रुपया वर, ना एक खाली. स्पर्धा आयोगाने 2012 मध्ये त्यांना दंड केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दंडाची रक्कम कोणत्या उलाढालीवर मोजायची, याबाबत न्यायालयाने कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. पण संगनमत झाले होते, हा निष्कर्ष 2017 च्या निकालात कायम राहिला.

त्याहून जवळचे उदाहरण पुण्याचे. पुणे महानगरपालिकेने घनकचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पांसाठी 2014-15 च्या सुमारास काढलेल्या निविदांबद्दल नागरिक चेतना मंच या पुण्यातल्या नागरिकांच्या संस्थेने आयोगाकडे तक्रार केली. चौकशीत निघाले की एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणवणाऱ्यांच्या निविदा संगणकावर एकाच जोडणीवरून चढवल्या गेल्या होत्या. आयोगाने 2018 मध्ये दंड ठोठावला. ज्यांनी पुढे येऊन कबुली दिली आणि चौकशीला मदत केली, त्यांचा दंड कायद्यातल्या सवलतीप्रमाणे कमी झाला. हे वाचताना मला बरेही वाटले आणि वाईटही. बरे अशासाठी की सामान्य नागरिकांच्या एका गटाने हे करून दाखवले. वाईट अशासाठी की संगणक आला म्हणजे संगनमत जाईल, ही माझी भोळी समजूत होती. लखोटा लाखेचा असो की संगणकातला, आतला कागद कोणी लिहिला हा प्रश्न उरतोच. यंत्राने फक्त एक उपकार केला: त्याला खाणाखुणा राहतात.

जपानी भाषेत या प्रकाराला 'दांगो' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ 'विचारविनिमय' असा सात्त्विक आहे! तिथल्या बांधकाम कंत्राटांत हा विचारविनिमय इतका मुरला होता की शब्दच बदनाम झाला. दक्षिण कोरियाने 2006 पासून सरकारी निविदांचे आकडे यंत्राकडून सतत तपासायची व्यवस्था केली. बोली किती आल्या, जिंकणारा दर अंदाजाच्या किती जवळ होता, हे पाहून संशयित निविदा यंत्रच बाजूला काढते. प्रगत देशांच्या पॅरिसमधल्या संघटनेने 2009 मध्ये सरकारी खरेदी करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात संशयाच्या खुणा सांगितल्या आहेत: निरनिराळ्या बोलींत सारखेच हस्ताक्षर, सारख्याच बेरजेच्या चुका आणि सारख्याच शुद्धलेखनाच्या चुका! ते वाचून मी खुर्चीवरून उठून सौ.ला हाक मारली. आयुष्यात प्रथमच शुद्धलेखनाचा असा आंतरराष्ट्रीय सन्मान झालेला मी पाहत होतो.

परंतु लखोटे प्रामाणिक असले म्हणजे काम संपले, असेही नाही. हे भिवंडीकराला निराळे सांगायला नको. आमच्या गावाने एक निविदा अशी पाहिली आहे की तिची आठवण घरोघर दर महिन्याला बिलाच्या रूपाने येते. 2007 पूर्वी इथल्या विजेचा कारभार म्हणजे फुटका रांजण होता. गळती, चोरी आणि थकबाकी मिळून सुमारे 58 टक्के विजेचे पैसे वसूलच होत नसत. महावितरणने निविदा काढली. तिची मुख्य अट सोपी आणि शहाणपणाची होती: गावाच्या वेशीवर जितकी वीज घ्याल, तितक्या सगळ्या युनिटांचे पैसे ठरलेल्या दराने आम्हाला द्या, पुढे ग्राहकांकडून नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने वसुली करा. जो वेशीवरचा दर अधिक देईल त्याला काम. अहमदाबादच्या टोरेंट पॉवर कंपनीला ते मिळाले आणि 26 जानेवारी 2007 पासून गावची वीज तिच्याकडे गेली. देशात या पद्धतीचा हा पहिलाच प्रयोग. आता चोरीला गेलेले प्रत्येक युनिट कंपनीच्याच खिशातून जाणार होते. साहजिकच तारा बदलल्या, मीटर बदलले, आणि काही वर्षांत ती तूट विशीच्या आसपास उतरली.

याचे कौतुक करणारे गावात भेटतात. बिलांवरून संतापणारेही भेटतात. त्यांचे मोर्चेही निघाले आहेत. 2017 मध्ये करार आणखी दहा वर्षांसाठी वाढला. मी यात न्यायाधीश नाही. मला दिसते ते इतकेच: निविदेच्या दिवशी स्पर्धा असते, पण लखोटा उघडला की पुढे दहा वर्षे ग्राहकाला दुसरे दुकान नसते. म्हणून स्पर्धा जितकी दरात हवी, तितकीच देखरेख कराराच्या अटींवर हवी.

आपल्या भाषेला हे फार पूर्वी कळले होते. 'मक्ता' म्हणजे ठेका. मूळ शब्द अरबी. ठरावीक रक्कम सरकारात भरायची आणि मग वसुली आपली आपण करायची, तो मक्ता. ती घेणारा मक्तेदार. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात परगणेच्या परगणे असे सर्वांत चढ्या बोलीला दिले जात. एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात त्याचे परिणाम नोंदवले आहेत. बोली लावायला स्पर्धा होती, पण बोलीनंतर रयतेचे गाऱ्हाणे ऐकायला कोणी नव्हते. आज नियामक आयोग आहे, तक्रार निवारण मंच आहेत. तेव्हा मामलत आणि वीज यांना मी एका मापाने मोजत नाही. पण शब्दाचे नशीब पाहा! 'मक्तेदारी' म्हणजे नुसती ठेकेदारी. आज आपण तो शब्द कशासाठी वापरतो? जिथे दुसरा कोणी उरलेला नाही, त्यासाठी! ठेक्यावर नजर राहिली नाही की त्याचे काय होते, याची साक्ष कोशातच लिहून ठेवलेली आहे.

असो. आता त्या विद्यार्थ्याकडे वळतो.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तो घरी आला. बराच वेळ पाण्याचा पेला हातात धरून बसला. मग म्हणाला, "सर, लेटरहेड मी दिलं होतं. कोरं. सही-शिक्का मारून."

"का रे?"

"म्हणाले, या वेळी साथ दे, पुढच्या वेळी तुझं काम. नाही दिलं असतं तर मला कुठंच भरू दिलं नसतं. दोन कामगार आहेत सर माझ्याकडे. त्यांचे पगार..." तो थांबला. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या कागदावर 'विद्यार्थांसाठी' होतं."

तो हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "ते मी वाचलंसुद्धा नव्हतं, सर."

मला त्याच्यावर रागवायचे होते. पण वाचल्याशिवाय सही करणारा त्या खोलीत तो एकटाच नव्हता. मी त्याला तसे सांगितले आणि माझ्या दोन फाइलींची हकिकत ऐकवली. गुरुशिष्यांनी एकमेकांना कबुलीजबाब देण्याचा हा प्रसंग सौ. स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने दोघांपुढे पोहे ठेवले आणि म्हणाली, "आता पुढच्या वेळी दोघांनी वाचून सही करा म्हणजे झालं."

चौकशी झाली. त्याला एक वर्ष आमच्याकडे दर भरायला बंदी झाली आणि मला समितीने लेखी समज दिली. दोन्ही शिक्षा मला योग्यच वाटल्या. बाकांचे पैसे नव्या वर्षात पुन्हा मंजूर झाले. या वेळी आम्ही आधी ठाणे-कल्याणच्या बाजारात फिरून लोखंडी नळी, फळी आणि मजुरी यांचा हिशेब काढला. म्हणजे रास्त दर किती, हे लखोटे फोडण्यापूर्वीच आम्हाला ठाऊक होते. ओळखीच्या चार दुकानांना पत्रे धाडण्याऐवजी जाहिरात दिली. मागच्या अटींतले 'तीळ' काढून टाकले. आणि अटींचा कागद करायचे काम अर्थातच माझ्याकडे आले. चार अटी लिहून झाल्या आणि लेखणी थांबली. मग मी लिहिले: 'अट क्रमांक 5: हा दर आम्ही स्वतः ठरवला असून तो ठरवताना दुसऱ्या कोणत्याही पुरवठादाराशी चर्चा केलेली नाही, हे असत्य ठरल्यास होणारी कारवाई आम्हास मान्य आहे.' पाश्चात्त्य देशांत निविदेबरोबर असे प्रतिज्ञापत्र घेण्याची वहिवाट आहे. त्याने चोर साधू होत नाही, हे मला मान्य आहे. पण सही करण्यापूर्वी माणसाला एक वाक्य वाचावे लागते. आणि कोरा कागद देणाऱ्याच्या हाताला तेवढाच एक क्षण अडखळायला मिळतो.

सात लखोटे आले. त्यांत दोन पुरवठादार ज्यांचे नावही आम्ही कधी ऐकले नव्हते. सर्वांत कमी दर 5,900 रुपये. मागच्या वर्षी ज्या पैशांत चाळीस बाक येणार होते, त्याच पैशांत पन्नास आले आणि वर हजार रुपये उरले. ते दहा बाक दर वर्षी कुठे जात होते, हे आता ज्याचे त्याने ओळखावे. गणपतीनंतर बाक वर्गात लागले. जिने विचारले होते, ती मुलगी तोवर पदवी घेऊन गेली होती. तिच्यासाठी माझ्याजवळ अजूनही उत्तर नाही.

बंदी संपल्यावर या वर्षी त्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेच्या स्टुलांसाठी स्वतः दर भरला. मजकूर स्वतःचा, शुद्धलेखन निर्दोष, आणि नंबर तिसरा. काम दुसऱ्याला गेले. तो तक्ता मागायला आला आणि घासाघीस केल्यासारखा एकेक आकडा पाहत राहिला. "सर, मी नळी फुटकळ आणतो, म्हणून मार खातो. आम्ही चार कारखानदारांनी मिळून घाऊक आणली तर?" मी दचकलो. तो घाईने म्हणाला, "नळीच मिळून आणायची, सर. भाव ज्याचा त्यानं भरायचा!" मला वाटते, स्पर्धा आणि संगनमत यांतला फरक याहून सोप्या मराठीत कोणी सांगितला नसेल.

परवा वसुबारसेच्या आधी तो दारात आला तो हातात सुक्या मेव्याचे भले मोठे खोके घेऊन. मी धर्मसंकटात पडलो. तो माझा विद्यार्थी. पण तो पुरवठादारही, आणि मी अजून समितीवर. दिवाळीत दारी आलेल्याला परत पाठवायचे कसे? मी अं-ऊं करीत होतो, तेवढ्यात आतून सौ.चा आवाज आला.

"अरे, ते खोकं घरी ठेवून ये आणि भाऊबीजेला बायकोमुलांना घेऊन फराळाला ये. चकली या वर्षी चांगली साधलीय."

तो खोके घेऊन परत गेला. रागावून नव्हे, हसत. घराच्या रंगाचे म्हणाल, तर सौ.ने कल्याणहून एक चौथा रंगारी शोधून आणला. त्याने भिंती खरवडून पाहिल्या, भाव सांगितला आणि काम नेटके केले. पण ठरवण्यापूर्वी तिने त्याला एकच प्रश्न विचारला होता:

"नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याला ओळखता का हो तुम्ही?"